मेजावरची शेगडी आणि आपला सल्ला

गेल्या काही वर्षांत आमच्या डोंबिवलीच्या चिकित्सालयात एक नवा प्रश्न वारंवार कानी पडू लागला आहे. अम्लपित्तासाठी औषध घेणारी महाविद्यालयीन मुलगी पथ्याची चिठ्ठी हाती घेता घेता विचारते, "डॉक्टर, किमची चालेल का?" घोडबंदर रोडवरून येणारे संगणक क्षेत्रातील एक गृहस्थ, वय बेचाळीस, रक्तदाब किंचित वाढलेला, सांगतात की कार्यालयातील मंडळींबरोबर महिन्यातून एकदा 'कोरियन बार्बेक्यू'ला जावे लागते, तेथे काय खावे आणि काय टाळावे? व्यवसायबंधूंच्या बैठकींत हा विषय निघाला की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: "हा सगळा विरुद्धाहार आहे. बंद करा." हे उत्तर आम्हांस मान्य नाही. ते कठोर आहे म्हणून नव्हे, तर शास्त्राच्या नावाने दिलेले असूनही शास्त्राला धरून नाही म्हणून.

आधी या लाटेचे स्वरूप पाहू. २०२० साली 'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटाने ऑस्कर मिळविले, २०२१ साली 'स्क्विड गेम' ही मालिका घरोघर पाहिली गेली, आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाने सव्वीस कोरियन शब्दांना एकदम प्रवेश दिला. त्यांत खाद्यपदार्थांची नावे बरीच होती. टाळेबंदीच्या काळात आमच्या भागातील तरुणाईने हे सारे पडद्यावर पाहिले आणि नंतर ते ताटात शोधू लागली. आज कल्याण-डोंबिवलीतील किराणा दुकानांतही कोरियन शेवयांची पाकिटे लटकतात. डेन्मार्कच्या अन्नसुरक्षा खात्याने जून २०२४ मध्ये त्यांतील तीन अतितिखट प्रकार त्यांतील कॅप्सेसिनच्या मात्रेमुळे बाजारातून मागे घ्यावयास लावले होते, ही गोष्ट अम्लपित्ताचे रुग्ण तपासणाऱ्यांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. मेजावर शेगडी मांडून मांस भाजण्याची पद्धत मात्र अजून मुख्यतः मुंबई व पुणे येथील भोजनगृहांत अनुभवावी लागते. रांजणगावचा एलजीचा कारखाना, माणगाव तालुक्यातील विळे-भागाडचा पॉस्कोचा पोलाद प्रकल्प, २०२३ साली तळेगावचा कारखाना घेण्याचा करार करणारी ह्युंदाई, अशा उद्योगांमुळे कोरियन अधिकारी महाराष्ट्रात स्थायिक झाले आणि त्यांच्यामागून त्यांचे स्वयंपाकघरही आले. म्हणजे हा केवळ चित्रपटांनी लावलेला चाळा नव्हे.

येथे थोडे विषयांतर करून चायनीजच्या गाडीची आठवण करून द्यावीशी वाटते. नेल्सन वँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये चिकन मांचुरियन बनविले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक स्थानकाबाहेर लाल रंगाची गाडी उभी राहिली. आपल्या व्यासपीठांवरून आपण त्या गाडीचा निषेध केला, गाडीला त्याने काही झाले नाही. रुग्ण खातच राहिला; फक्त वैद्याला सांगेनासा झाला. रुग्णाने आहाराचा इतिहास लपविला की निदान अर्धे राहते, हे आपण सारे जाणतो. तीच पुनरावृत्ती आता कोरियन पदार्थांबाबत होऊ घातली आहे, आणि ती टाळावयाची असेल तर वैद्याने आधी तो पदार्थ पाहिला पाहिजे.

मागील हेमंतात भाच्याने "मामा, आधी बघा, मग बोला" असा आग्रह धरल्यामुळे आम्ही मुंबईतील अशा एका भोजनगृहात गेलो. सोबत कल्याणचे एक शाकाहारी व्यवसायबंधू होते. नवख्या माणसाला तेथे प्रथम गोंधळल्यासारखे होते. मेजाच्या मध्यभागी शेगडी, तिच्यावर धूर खेचून घेणारी नळी, हाताशी चिमटा आणि चक्क कात्री. बार्बेक्यू नेशनसारख्या साखळी उपाहारगृहांमुळे मेजावरची शेगडी ठाणेकरांस अपरिचित नाही. परंतु तेथे सळया बहुतांशी शिजूनच येतात आणि निखाऱ्यावर गरम राहतात. येथे मांस कच्चे येते व खाणाऱ्याने ते स्वतः भाजावयाचे असते. पट्टी भाजत आली की कात्रीने तिचे घासाएवढे तुकडे करतात. गोवंशहत्याबंदीचा २०१५ चा सुधारित कायदा लागू असल्याने कोरियात प्रसिद्ध असलेले गोमांसाचे 'बुलगोगी' आणि फासळ्यांचे 'गालबी' हे प्रकार आपल्याकडे त्या रूपात मिळत नाहीत. वराहाच्या पोटाकडील मेदयुक्त पट्ट्या, ज्यांस ते 'सामग्योप्साल' म्हणजे तीन थरांचे मांस म्हणतात, कोंबडी आणि कोळंबी हेच प्रकार आम्हांस दिसले.

मांस येण्यापूर्वीच मेजावर लहान लहान वाट्यांची दाटी झाली. किमची, मोड आलेली कडधान्ये, पालक, मुळा, काकडी, समुद्रशैवाल. यांस 'बानचान' म्हणतात. त्यांचे वेगळे पैसे नसतात आणि संपल्यास पुन्हा वाढतात. नवख्यांची पहिली चूक येथेच होते. ही उपाहाराची सुरुवात समजून ते त्या वाट्या संपवितात. वस्तुतः त्यांचे स्थान आपल्या पानातील डाव्या बाजूचे आहे. चटणी, कोशिंबीर आणि लोणचे जसे घासाघासाला तोंडी लावावयाचे, तसेच त्यांचे. भाजलेला तुकडा सॅलडच्या किंवा त्याहून उग्र वासाच्या पेरिला नामक पानावर ठेवावयाचा, त्यावर आंबविलेल्या सोयाबीनचे वाटण, लसणीची चकती आणि किमची घालून पान दुमडावयाचे आणि सबंध घास एकदम तोंडात घालावयाचा. हा पानाचा घास अर्धा तोडून खाणे तेथे बरे दिसत नाही. विडा खाणाऱ्या महाराष्ट्राला हे शिकवावे लागू नये. ज्येष्ठाने चमचा उचलल्याशिवाय धाकट्यांनी जेवणास आरंभ करू नये, आणि भातात काड्या उभ्या रोवू नयेत, कारण ती मृताच्या पूजेची खूण आहे, हेही भाच्याने आम्हांस सांगितले. पिंडावरचा दर्भ ज्याने पाहिला आहे त्याला यांतला संकेत उमगण्यास वेळ लागत नाही.

आमच्या शाकाहारी मित्रांनी किमचीकडे हात नेला आणि आम्ही वाढप्यास विचारले. त्यात खारविलेली बारीक कोळंबी होती, म्हणजे आपला जवळाच. पारंपरिक किमचीत खारविलेली कोळंबी अथवा मासळीचा अर्क असतोच, आणि रश्श्याचा आधारही पुष्कळदा सुक्या मासळीचा असतो. डोंबिवलीतील शाकाहारी व जैन रुग्ण हे पदार्थ कोबीचे लोणचे समजून खातात. त्यांस हे सांगणे वैद्याचे काम आहे. विशेष असे की कोरियातच बौद्ध मठांची एक स्वतंत्र पाकपरंपरा आहे. तीत मांस व मासे तर नाहीतच, शिवाय कांदा, लसूण आणि त्या वर्गातील उग्र कंदही वर्ज्य आहेत. तेथील मठातील पान आपल्याकडील चातुर्मासाच्या पानाशेजारी सहज मांडता येईल.

आता शास्त्राकडे वळू. अंगारावर भाजलेले मांस आपल्या ग्रंथांस परके नाही. शूल्य, प्रतप्त हे प्रकार सुश्रुताने कृतान्नवर्गात गणले आहेत, आणि तेलात सिद्ध केलेले मांस उष्णवीर्य, पित्तकर व गुरु, तर तुपात सिद्ध केलेले लघु असा भेदही केला आहे. तिळाच्या तेलात बुडवून खाल्ल्या जाणाऱ्या कोरियन मांसाचे मूल्यमापन करावयास यापेक्षा नेमके साधन कोणते हवे? रायगडातील पोपटी, जीत वालाच्या शेंगा, अंडी व कोंबडी भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात कोंबून जाळात भाजतात, ती तर आपल्या जिल्ह्याच्या शेजारची. किमचीचेही तसेच. शार्ङ्गधराने संधानकल्पनेत कंद, मुळे व फळे स्नेह-लवणासह द्रवात आंबवून होणारे शुक्त सांगितले, आणि मुळा व मोहरी यांच्या संधानाने सिद्ध होणारी शंडाकीही सांगितली. मुळ्याची किमची आणि शंडाकी यांतील मुख्य अंतर मिरचीचे. ती मिरची कोरियात सोळाव्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर पोहोचली, आपल्याकडेही त्याच शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. तेव्हा मिरचीवरून परकेपणाचा वाद घालण्यात दोघांनाही अर्थ नाही.

आणि परकीयांच्या आहाराकडे पाहण्याची चरकाची दृष्टी तर आपल्या बैठकींतील दृष्टीहून पुष्कळच विशाल आहे. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात बाह्लीक, पह्लव, चीन, यवन, शक हे लोक मांस, गहू, मद्य, शस्त्र आणि अग्नी यांस सरावलेले असल्याचे सांगून, चिकित्सकाने ते देशसात्म्य ध्यानी घ्यावे असा आशय मांडला आहे. त्यांत निंदा नाही. उलट विमानस्थानात अतिलवणाचे दोष सांगताना तो दूरच्या बाह्लीकांचीच नव्हे तर सौराष्ट्र आणि सिंधचीही उदाहरणे देतो. सवय झालेली वस्तूही अहितकर असेल तर ती क्रमाक्रमाने सोडावी, हा त्याचा उपाय.

विरुद्धाचे म्हणाल तर या भोजनात विरुद्ध काहीच नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते नेमके कोठे आहे हे दाखविता आले पाहिजे. चरकाने अठरा प्रकारच्या विरुद्धांत परिहारविरुद्धाचे उदाहरण म्हणून वराहादींचे मांस खाऊन त्यावर उष्ण सेवन करणे हेच दिले आहे. आणि घृतादी स्नेहावर शीत सेवन करणे हे त्याच्या जोडीचे. आता तेथील क्रम पाहा. वराहाच्या मेदयुक्त पट्ट्या झाल्या की शेवटी उकळता आंबविलेल्या सोयाबीनचा रस्सा येतो, नाहीतर बर्फाळ पाण्यातील शेवया येतात. दोन्ही वेळा ग्रंथातील उदाहरण जवळजवळ जसेच्या तसे समोर येते! दुसरे, मांस मुरविताना साखर, फळाचा गर किंवा मध लावतात. मध लावून निखाऱ्यावर भाजणे हे आपल्या कोणत्याही मताने समर्थनीय नाही. तेव्हा मुरविलेल्या मांसापेक्षा साधे मांस मागावे. तिसरे, सोजू नामक मद्य. त्याविषयी वाचकांस अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

याच अध्यायात पुढे, अल्प मात्रा, सात्म्य, दीप्त अग्नी, तारुण्य, स्निग्ध शरीर व व्यायामबल असलेल्यास विरुद्ध निष्फळ होते, असेही म्हटले आहे. या वचनाकडे आपण सोयीने काणाडोळा करतो. सकाळी व्यायामशाळेत घाम गाळणारा बावीस वर्षांचा मुलगा दोन महिन्यांतून एकदा असे जेवला तर त्याला 'बंद करा' म्हणण्यास ग्रंथाचा आधार नाही. ज्याला थांबवावयाचे तो दुसराच. सायंकाळी साडेसातची जलद गाडी पकडून उभ्याने घरी येणारा, दिवसभर बैठक असलेला, रात्री साडेदहाला जेवणारा आणि लगेच झोपणारा चाळिशीचा पुरुष. त्याच्या बाबतीत दोष पदार्थाइतकाच काळ, राशी आणि अग्नी यांचा आहे. आहारविधीची आठ विशेषायतने आपण परीक्षेसाठी पाठ केली. चिठ्ठी लिहिताना त्यांतील केवळ पहिले, म्हणजे पदार्थाची प्रकृती, तेवढे वापरतो. ऋतूचेही तसेच आहे. मार्गशीर्ष-पौषात जे जेवण पचते तेच आश्विन-कार्तिकाच्या उकाड्यात, अम्ल-लवण-कटू रसांच्या भाराने, शरदातील पित्तप्रकोपात तेल ओतते. आम्ही आमच्या अम्लपित्ताच्या रुग्णांस शरदात किमची स्पष्टपणे वर्ज्य सांगतो आणि हेमंतात चमचाभर चालेल असे सांगतो. रुग्ण दोन्ही ऐकतात.

लवणाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे आणि तेथे मात्र कठोर राहावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सुचविले आहे. किमची, सोयाबीनची वाटणे, सोया सॉस आणि रस्सा अशा एका भोजनात ती मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जगात अधिक असलेल्या देशांत दक्षिण कोरियाची गणना होते. हेलिकोबॅक्टर जंतूंच्या जोडीने खारविलेल्या आहाराकडेही त्याचे कारण म्हणून पाहिले जाते, आणि तेथे चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचाच भाग आहे. कोरियन लोक किमची खाऊन निरोगी राहतात असे सांगणाऱ्या रुग्णास ही दुसरी बाजूही सांगावी. मांसाच्या करपलेल्या कडा कात्रीने कापून टाकाव्यात आणि तवा काळा पडला की बदलून मागावा. ते भोजनगृहवाले विनातक्रार बदलतात.

वराहमांस पूर्ण भाजले गेले पाहिजे, कच्च्या मांसाचा चिमटा व खाण्याच्या काड्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. येथे एक बारकावा व्यवसायबंधूंच्याही बोलण्यात चुकतो, म्हणून लिहितो. अर्धकच्च्या वराहमांसाने आतड्यात फीतकृमी होतो. मेंदूत गाठी होऊन अपस्मारसदृश झटके येतात ते मांसाने नव्हे, तर त्या कृमीची अंडी अस्वच्छ हातांतून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात गेल्याने. म्हणजे मांसास स्पर्शही न करणारा, परंतु ती कच्ची पाने आवडीने खाणारा शाकाहारी तेथे अधिक सुरक्षित आहे असे समजू नये. पाने कशी धुतली जातात, हा प्रश्न प्रथम विचारावा.

कोरियन वैद्यकाविषयी आपल्याकडे फारशी माहिती नसते म्हणून थोडे. हो जुन यांचा 'दोंगई बोगाम' हा ग्रंथ १६१३ साली छापला गेला व २००९ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत समाविष्ट झाला. ई जेमा यांनी १८९४ मध्ये माणसांच्या चार प्रकृती मांडल्या आणि प्रत्येकीस हितकर व अहितकर अन्न निराळे सांगितले. तेथील पारंपरिक वैद्यही, आपल्यासारखाच, सर्वांस एकच पान वाढत नाही. उन्हाळ्याच्या ऐन उष्ण दिवसांत जिन्सेंग घातलेले कोंबडीचे उकळते सूप पिण्याची तेथील रीत मात्र कल्याणच्या मे महिन्यात उचलू नये.

आता औषधविक्रेत्या बंधूंसाठी. असे जड भोजन करून रात्री पोट धरून आलेला ग्राहक आपल्या दुकानात 'काहीतरी पाचक' मागतो, आणि आपण लवणभास्कर, शंखवटी किंवा चित्रकादी वटी काढून देतो. या तिन्हींतील लवण-क्षारांचा विचार केला आहे का? लवणभास्करात तर सामुद्र लवणच आठ कर्ष आहे, त्यावर सौवर्चल, बिड आणि सैंधव. शंखवटी व चित्रकादीत पाचही लवणे आणि क्षार. पाच ग्रॅमची मर्यादा आधीच ओलांडून आलेल्या रक्तदाबाच्या माणसास आपण मिठावर मीठ देतो. त्याच विमानस्थानात अतिउपयोग करू नये म्हणून सांगितलेल्या तिघांत क्षार आणि लवण दोन्ही आहेत, तिसरी पिप्पली. अशा ग्राहकास प्रथम रक्तदाब, वृक्कविकार आणि सूज यांविषयी विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर सुंठ-जिऱ्याचा साधा काढा, कोमट पाणी आणि पुढच्या वेळचे जेवण वगळणे एवढेच सांगावे. लंघनाची विक्री होत नाही, हे खरे आहे. मात्र छातीत दुखत असेल, घाम येत असेल, तर पाचकाची पुडी न देता त्याला ताबडतोब रुग्णालयात पाठवावे.

जिन्सेंगच्या खोक्यांचेही पाहावे. या लाटेबरोबर त्यांची मागणी वाढत आहे. अश्वगंधेस 'भारतीय जिन्सेंग' म्हणून विकण्याची प्रथा पडली आहे. परंतु दोन्हींचा वनस्पतिकुलाचा संबंध नाही, अश्वगंधा वांग्या-मिरचीच्या कुलातील. ग्राहक एक मागत असता दुसरे देऊ नये. वॉरफरिन घेणाऱ्यास आणि मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यास जिन्सेंग वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये, आणि खोक्यावर प्रत्येक कॅप्सूलमध्ये मुळाचा अर्क किती मिलिग्रॅम आहे हे छापलेले नसेल तर तो माल परत करावा.